उभ्याने चालवण्यासाठी फूटपेग आणि हँडलबारची जुळणी : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५

हे काम एका २५० सीसी, फोर-स्ट्रोक एन्ड्युरो (कच्च्या, खडतर वाटांसाठीच्या) मोटरसायकलवर करायचे आहे. इंजिन, सस्पेन्शन आणि ब्रेक यांबद्दल काहीही तक्रार नाही. अडचण आहे ती गाडीचे माप चालकाच्या अंगाशी न जुळण्याची. माझी उंची १८४ सें.मी. आहे आणि कारखान्यातून येणारी मांडणी मध्यम उंचीच्या माणसाला धरून केलेली असते. त्यामुळे खडकाळ वाटेवर सलग उभ्याने चालवले की मांड्या भरून येतात, कंबर धरते आणि काही वेळाने करंगळीला व तिच्या शेजारच्या अनामिकेला मुंग्या येऊ लागतात.

या शेवटच्या तक्रारीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण कोणती बोटे बधिर होतात यावरून दाब कुठे पडतो आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर मनगट सतत मुडपलेले राहून तिथून जाणारा मज्जातंतू दबत असण्याची शक्यता अधिक असते. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होत असेल, तर तळहाताच्या करंगळीखालच्या भागावर भार पडून अल्नर मज्जातंतू दबत असावा. म्हणजे माझे हात हँडल नुसते धरत नाहीत, ते अंगाचे वजन पेलत आहेत. उभ्या माणसाचे वजन पायांवर असायला हवे, आणि ते हातांवर उतरत असेल तर कारण आधी पायांखाली शोधायला हवे. म्हणूनच पुष्कळ लोक ज्या रायझरपासून (हँडलबार उंच करणाऱ्या ठोकळ्यांपासून) सुरुवात करतात, त्यांना मी सर्वांत उशिरा हात लावणार आहे. आधी मागच्या शॉकचा सॅग (वजनाने गाडी किती खाली बसते ते अंतर), मग फूटपेग (पाय ठेवायचे दुमडणारे आधार), त्यानंतर पायाचे लिव्हर, मग हँडलबार आणि शेवटी हाताचे लिव्हर असा क्रम ठरवला आहे. एका वेळी एकच बदल होईल आणि प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून पाहिली जाईल.

मापे घेण्यासाठी गाडी उचलस्टँडवर ठेवली, इंजिनखालची फ्रेमची नळी स्पिरिट लेव्हल लावून आडवी केली आणि दोन्ही ग्रिपच्या मध्यातून ओळंबा सोडला. पेगच्या माथ्यापासून ग्रिपपर्यंतचे उभे अंतर ८०० मि.मी. आणि आडवे अंतर ४३० मि.मी. आहे, पेगपासून सीटच्या सर्वांत खोलगट जागेपर्यंतचे अंतर ५१० मि.मी. भरले. हँडलबार कोणत्या कोनात बसला आहे तेही टिपून घेतले आणि हँडलबार पकडणाऱ्या क्लॅम्पच्या कडेला पांढऱ्या पेंटची बारीक रेघ मारली. अशी रेघ असली की वाटेत हँडल फिरले तरी मूळ जागा हरवत नाही.

११ ऑक्टोबर

सॅगचा आणि आरामाचा थेट संबंध आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी असा पूर्ण साज चढवून मी गाडीवर उभा राहिलो तेव्हा मागचा सॅग ११८ मि.मी. आला, मॅन्युअलमध्ये १०५ मि.मी. दिला आहे. प्रीलोडची (शॉकच्या स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब ठरवणारी) रिंग आवळून तो १०४ वर आणला आणि चालकाविना सॅग ३२ मि.मी. राहिला, त्यावरून स्प्रिंग माझ्या वजनाला योग्य आहे असे दिसते. चालकासह सॅग बरोबर आणूनही नुसत्या गाडीचा सॅग फारच कमी उरला असता, तर स्प्रिंगच मऊ आहे असे मानून ती बदलावी लागली असती.

हिशोब करून पाहिला. दोन चाकांतले अंतर १४८० मि.मी. आणि मागची बाजू १४ मि.मी. जास्त बसलेली, म्हणजे गाडी अर्ध्या अंशाहून थोडी अधिक मागे कललेली होती. पेगपासून ग्रिप ८०० मि.मी. उंच असल्यामुळे एवढ्याशा कलाने ग्रिप पेगच्या तुलनेत सुमारे ८ मि.मी. मागे येते. रायझर आणि ऑफसेट माउंट (हँडलबार पुढे-मागे सरकवणारे आधार) विकत घेऊन माणूस ज्या १० मि.मी.च्या मागे लागतो, त्यातले बरेचसे असे प्रीलोडच्या रिंगमध्येच दडलेले असू शकतात. सॅग न बघता हँडलबार हलवणे मला म्हणूनच पटत नाही.

१२ ऑक्टोबर

आज उभे राहण्याची चाचणी घेतली. एका सहकाऱ्याने पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरले आणि मी पेगवर उभा राहिलो: चवडे पेगवर, गुडघे किंचित सैल, घोटे फ्रेमला टेकलेले, कंबरेतून पुढे झुकलेला, कोपरे बाहेर आणि डोके साधारण स्टिअरिंग स्टेमच्या वर. मग ग्रिपवरून हात बोटभर उचलले. वजन खरोखर पायांवर असेल तर शरीर आहे तसेच थांबते. माझे शरीर लगेच पुढे कोसळू लागले, आणि ते सावरण्यासाठी नितंब मागे नेले की गुडघे इतके वाकतात की मांड्या थरथरू लागतात.

यावरून दोन गोष्टी समजतात. हँडलबार माझ्यासाठी खाली आहे, त्यामुळे खांदे ओढले जातात. आणि पेगच्या वर पायांना पुरेशी जागा नाही, त्यामुळे तोल साधायला नितंब हवे तितके मागे जाऊ शकत नाहीत. पेग खाली घेतला तर दोन्ही तक्रारी एकदम कमी होतात, कारण पेग जितका खाली जाईल तितकेच खांदेही खाली जातात आणि हँडलबारला हात न लावता तो तुलनेने तितकाच उंच होतो. शिवाय चालकाचे वजन जमिनीजवळ येते, जे रायझर लावून कधीच होत नाही.

१८ ऑक्टोबर

नवे फूटपेग बसवले. मूळ पेग ३८ मि.मी. रुंद होते, नवे ५७ मि.मी. आहेत, आणि ते १० मि.मी. खाली व ५ मि.मी. मागे येतात. रुंदीचे महत्त्व उंचीपेक्षा कमी नाही. अरुंद पेगवर सारे वजन तळव्याच्या एका पट्टीवर येते, बुटाचा सोल तिथे वाकतो आणि पाय स्थिर ठेवण्यासाठी पोटरी सतत आवळलेली राहते. रुंद पेगवर तोच सोल सपाट टेकतो.

२० मि.मी. खाली येणारे पेगही मिळतात, पण ते घेतले नाहीत. खोल चाकोरीत पेगचे टोक कडेला आपटते आणि पाऊल मागे फेकले जाते, त्यामुळे पेगखालचा प्रत्येक मिलिमीटर विचार करून खर्च करावा असे मला वाटते. नुसत्या गाडीवर पेगखालची मोकळी जागा ४०० वरून ३९० झाली आहे आणि चालक बसला की त्यातूनही बरीच कमी होते. याहून खाली गेलो असतो तर ब्रेक पेडलच्या समायोजनाची मर्यादाही संपली असती.

बसवण्याचे काम थोडे चिकाटीचे आहे. जुनी स्प्लिट पिन सरळ करून ओढली, पेगची खीळ खालून पंचने हलके ठोकत वर काढली. तिच्या मधल्या भागावर वाळलेल्या चिखलाचा कठीण थर होता आणि तो खरवडल्यावर धातूत नखाला जाणवेल एवढी खाच दिसली. पेग ज्यात बसतो तो फ्रेमवरचा कंस वायर ब्रशने साफ केला. नव्या पेगमध्ये स्प्रिंग आधी बसवली, पेग जवळजवळ ४५ अंश वर दुमडलेल्या स्थितीत कंसात सरकवला, स्प्रिंगचा लांब पाय स्क्रूड्रायव्हरने दाबून कंसाच्या आत घेतला आणि तसाच दाबून धरत खीळ वरून उतरवली. वॉशर आणि नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन पुन्हा वापरू नये, वाकवून सरळ केलेली पिन कधी तुटेल याचा भरवसा नसतो.

शेवटी पेग तळहाताने वर दुमडून सोडला आणि तो आपणहून खटकन खाली येऊन बसतो याची दोन्ही बाजूंनी खात्री केली. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या स्पर्धा-नियमांतही दुमडणारा पेग स्वतःहून जागेवर परतला पाहिजे आणि त्याचे टोक गोलसर असले पाहिजे अशी अट आहे, आणि ती वाटेवर चालवणाऱ्यालाही तितकीच लागू आहे असे मी मानतो. जुन्या पेगचे बाहेरचे टोक झिजेमुळे खाली झुकले होते. नवा पेग आडवा आहे. टोक खाली झुकले की पाऊल नकळत बाहेर सरकते, घोटा फ्रेमपासून सुटतो आणि मग गाडी धरण्याचे काम पुन्हा हातांवर येते.

१९ ऑक्टोबर

पेग खाली गेल्यामुळे ब्रेक पेडल पावलाच्या तुलनेत १० मि.मी. वर आले आहे. ते तसेच ठेवले तर उभ्याने चालवताना पाय नकळत पेडलवर टेकतो. आधी पेडलच्या थांब्याचा लॉकनट सैल करून पेडल खाली घेतले आणि मगच मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडची लांबी जुळवली. पेडलच्या टोकाशी ४ मि.मी. फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) ठेवला आहे. हा क्रम उलटवू नये. फ्री प्ले शून्य झाला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, सिलिंडरमधले परतीचे छिद्र बंदच राहते, आणि डिस्क तापून तेल प्रसरण पावले की त्याला परत जायला वाट नसल्याने ब्रेक आपोआप आवळू लागतो. त्यामुळे थंड गाडीवर चाक मोकळे फिरते एवढ्यावर समाधान न मानता, गाडी चालवून डिस्क गरम झाल्यावर चाक पुन्हा उचलून फिरवून पाहिले. ते मोकळे होते.

गिअर लिव्हर आहे तिथेच ठेवला. तो स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या बारीक दात्यांवर) बसतो आणि एका दात्याने टोक जवळजवळ दोन सेंटिमीटर हलते. मला हवा होता त्याच्या दुप्पट बदल झाला असता. शिवाय जाड सोलचा बूट लिव्हरखाली घालायला आता थोडी जास्त जागा मिळाली आहे. ज्यांना दाता बदलायचा असेल त्यांनी आवळणारा बोल्ट नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढावा, कारण तो शाफ्टवरच्या खाचेतून जातो आणि अर्धवट असताना लिव्हर ओढला तर खाच आणि आटे दोन्ही खराब होतात.

२५ ऑक्टोबर

हँडलबार मूळ जागी ठेवून केवळ नव्या पेगवर गाडी चालवली. दगडांची लांब चढण, वाळूचा पट्टा आणि उतारावरच्या चाकोऱ्या असा मार्ग निवडला होता. मांड्या पूर्वीइतक्या भरल्या नाहीत आणि बसल्याचे उभे राहणे लक्षणीय सोपे झाले. सीट ते पेग अंतर ५१० वरून ५२० झाले, पण गुडघ्याच्या अवघड कोनात एवढा बदलही मोठा असतो. मुंग्या उशिरा आल्या आणि सौम्य होत्या. हात उचलण्याच्या चाचणीत शरीर आता क्षणभर थांबते आणि मग हळूहळू पुढे जाते. कंबरेत मात्र अजून ताण आहे, कारण उतारावर मागे सरकताना हात पूर्ण सरळ होण्याआधी पाठ गोल होते. हँडलबारला आता हात लावायला हरकत नाही.

१ नोव्हेंबर

पहिले काम हँडलबार क्लॅम्पमध्ये फिरवण्याचे. त्याची उभी चढ पुढच्या फोर्कच्या रेषेत असावी, हा सुरुवातीचा चांगला नियम आहे. माझा हँडलबार त्या रेषेपासून ३ अंश मागे फिरलेला होता. क्लॅम्पच्या मध्यापासून ग्रिपचा मध्य साधारण ६० मि.मी. वर आणि ८० मि.मी. मागे येतो, त्यामुळे तीन अंश पुढे फिरवल्याने ग्रिप ३ मि.मी. पुढे आणि ४ मि.मी. वर गेली.

ही मापे लहान आहेत, पण फिरवण्याचा खरा परिणाम ग्रिपच्या कलावर होतो. हँडलबारची टोके मागे वळलेली असतात. तो मागे फिरवला की टोके जमिनीकडे झुकतात, कोपरे बरगड्यांना येऊन चिकटतात आणि भार नेमका तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूवर येतो. पुढे फिरवला की टोके किंचित वर येतात आणि कोपरे आपोआप बाहेर जातात. माझ्या बोटांच्या तक्रारीचा उरलेला भाग इथे असावा असा माझा अंदाज आहे. मात्र उंची किंवा अंतर मिळवण्यासाठी हँडलबार फिरवणे मला मान्य नाही; कोन मनगटासाठी ठेवावा आणि उंची-अंतर माउंटने साधावे.

२ नोव्हेंबर

रायझर निवडण्याआधी एक भूमितीची बाब समजून घेणे आवश्यक आहे. रायझर सरळ वर जात नाही. तो ट्रिपल क्लॅम्पवर (फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या भागावर) बसतो, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाच्या दिशेने उंची देतो, आणि हा अक्ष माझ्या गाडीत २७ अंश मागे कललेला आहे. त्यामुळे २० मि.मी.चा रायझर हँडलबार सुमारे १८ मि.मी. वर आणि त्याच वेळी ९ मि.मी. मागे, थेट चालकाच्या पोटाकडे आणतो. उंच माणूस रायझर लावतो आणि तरीही त्याला कोंडल्यासारखे वाटते, त्याचे कारण हे आहे. उलट, माउंट फिरवून हँडलबार क्लॅम्पच्या पृष्ठभागावर १० मि.मी. पुढे नेला तर तो ९ मि.मी. पुढे आणि साडेचार मि.मी. वर जातो, कारण तो पृष्ठभाग पुढच्या बाजूला चढता आहे.

माझ्या गाडीचे माउंट उलटे फिरवून बसवता येतात आणि त्याने नेमका १० मि.मी.चा फरक पडतो. त्यामुळे दोन जुळण्यांची तुलना करायचे ठरवले. माउंट पुढे आणि २० मि.मी. रायझर असे केले तर हँडलबार २२ मि.मी. वर जातो आणि पुढे-मागे जवळजवळ हलत नाही. माउंट पुढे आणि १० मि.मी. रायझर असे केले तर तो १३ मि.मी. वर आणि साडेचार मि.मी. पुढे जातो. पेगच्या बदलाने मिळालेली उंची दोन्हींत धरायचीच आहे.

रायझर घेताना क्लॅम्पचा व्यास तपासला. माझा हँडलबार मध्यभागी २८.६ मि.मी. आणि ग्रिपजवळ २२.२ मि.मी. आहे, जुन्या आडव्या दांड्याच्या हँडलबारचा मध्यही २२.२ मि.मी. असतो आणि दोघांचे क्लॅम्प एकमेकांना चालत नाहीत. रायझरबरोबर लांब बोल्ट हवेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टचे आटे व्यासाच्या किमान दीडपट खोल उतरलेले असावेत, म्हणजे १० मि.मी.च्या बोल्टसाठी १५ मि.मी.; हे मी कोरडा बोल्ट हाताने फिरवून, खूण करून मोजले.

८ नोव्हेंबर

२० मि.मी.ची जुळणी चालवून पाहिली. बसवतानाच डावीकडे पूर्ण वळवल्यावर क्लचची केबल ताणली जाऊ लागली, म्हणून ती हेडलाइटच्या मागून नव्या वाटेने फिरवली. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवले. या वेळी इंजिनचा वेग किंचितही चढला तर थ्रॉटलची केबल ओढली जात आहे असे समजावे आणि गाडी जागेवरून हलवू नये. पुढच्या ब्रेकचा होज आणि स्टेमजवळची वायरिंग मोकळी होती.

उभ्याने चालवताना ही जुळणी आरामदायी आहे. परंतु बसून वळण घेताना पुढचे चाक हलके वाटते आणि सैल मातीत ते बाहेर सरकू लागते, कारण छाती सरळ झाल्याने पुढच्या टायरवरचे वजन कमी होते. अशा वेळी वजन पुढे नेण्यासाठी मुद्दाम झुकावे लागते आणि कंबरेचा वाचवलेला ताण तिथे पुन्हा खर्च होतो.

१५ नोव्हेंबर

१० मि.मी.ची जुळणी निवडली. उभे असताना हात उचलले तरी शरीर जागेवर थांबते, उतारावर मागे सरकताना कोपरात अजून वाक उरतो, आणि बसून घेतलेल्या वळणात पुढचे चाक रेषा धरून राहते. केबल तिच्या मूळ वाटेने परत आली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिव्हर आणि टाकी यांमधली जागा मोजली. बोटे चेंगरू नयेत म्हणून एफआयएमच्या नियमांत किमान ३० मि.मी. सांगितले आहे आणि इथे त्याहून बरीच जास्त आहे.

वरच्या क्लॅम्पचे बोल्ट पुढे-मागे सारखी फट ठेवून, थोडे थोडे आळीपाळीने, मॅन्युअलप्रमाणे २० न्यूटन-मीटरवर आवळले. काही गाड्यांत पुढची फट आधी पूर्ण बंद करायची असते, त्यामुळे आपल्या गाडीचे मॅन्युअल पाहिल्याशिवाय पाना लावू नये.

१६ नोव्हेंबर

हाताचे लिव्हर. उभे राहून कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा यावी एवढे ते खाली झुकवले आणि एका बोटाने ओढता यावे म्हणून आतल्या बाजूला सरकवले, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाशी पडते आणि कमी जोर लागतो. पर्चखाली (लिव्हर हँडलबारला धरणाऱ्या आधाराखाली) टेफ्लॉन टेपचे वेढे दिले आहेत व बोल्ट इतकाच आवळला आहे की गाडी पडली तर पर्च फिरेल, लिव्हर तुटणार नाही. ब्रेकची टाकी कलल्यामुळे तेलाची पातळी पुन्हा पाहिली.

२३ नोव्हेंबर

लांब चाचणीत बोटांना मुंग्या आल्या नाहीत. कंबरेचा ताण शेवटच्या टप्प्यात थोडा जाणवला, पण तो जिथे मी थकून गुडघे ताठ ठेवले तिथेच. परतल्यावर सर्व बोल्ट टॉर्क रेंचने तपासले. नव्या रायझरचा एक बोल्ट किंचित सैल झाला होता, तो आटे साफ करून थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावून पुन्हा आवळला.

नोंदीसाठी अंतिम मापे: पेगपासून ग्रिपपर्यंत उभे अंतर ८२८ मि.मी., आडवे अंतर ४४३ मि.मी., सीट ते पेग ५२० मि.मी., चालकासह मागचा सॅग १०४ मि.मी. क्लॅम्पवरची जुनी रेघ पुसून नव्या जागी मारली आहे. मूळ पेग, त्यांच्या स्प्रिंग आणि आखूड बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवले आहेत, कारण कमी उंचीच्या चालकाला ही गाडी द्यायची झाली तर तेच लागतील.